लिंबाची साक्ष

१

ते साल दोन हजार अठरा. श्रावण लागला होता आणि सोयाबीनमध्ये तण माजलं होतं. अनसिंगच्या आमच्या शेडातला साचे तापवायचा प्रेस त्या मंगळवारी सकाळी उघडला, तेव्हा आतून गादी निघायच्या ऐवजी भाकरी निघाली.

भाकरी म्हणजे रबराची. काळी, चपटी, दगडासारखी. सगळ्या साच्यांत तीच कथा.

ही शेड आमच्या ह्यांनी सुरू केली होती. बाया दिवसभर उकिडव्या बसून निंदण करतात, त्यांच्या कमरेला मागून बांधायची स्पंजाची गादी इथं व्हायची. खाली टेकलं की गादीवर, उठलं की गादी सोबत. रबर मिलच्या दोन रुळांमध्ये मळायचं, त्यात खाण्याचा सोडा मिसळायचा आणि साच्यात घालून तापवायचं. ताप लागला की सोडा वायू सोडतो, तो रबरात अडकतो आणि रबर फुगून जाळीदार होतं. हे मला समजावताना ते म्हणायचे, "गिरजा, तुझा ढोकळा आणि माझी गादी सख्ख्या बहिणी आहेत." ते गेल्यावर शेड माझ्या दिराच्या, भगवंतरावांच्या हाती आली. रबर मळणारा मिस्त्री फय्याज मात्र ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. सोड्याच्या खोलीची किल्ली त्याच्या पट्ट्याला असायची.

आरडाओरडा ऐकून मी घरातून शेडात गेले. घर आणि शेड यांच्यामध्ये फक्त एक अंगण.

"फय्याज, सोडा टाकला नाहीस तू," भगवंतराव म्हणत होते.

"टाकला मालक. तोलून टाकला."

"मंग गेला कुठी? उडून गेला?"

"सोडाच खराब असन."

त्यावर हर्षल पुढं आला. हर्षल म्हणजे भगवंतरावांचा मुलगा, रबराच्या कामाची पदविका घेऊन नागपूरहून परत आलेला. त्याच्या हातात कापलेलं लिंबू होतं. त्यानं पोत्यातला मूठभर सोडा ताटलीत घेतला आणि सगळ्यांसमोर त्यावर लिंबू पिळलं. ताटली फसफसून वर आली.

"पाहा," तो म्हणाला. "सोडा जिवंत आहे. खोट कुठं आहे, ते आता मी सांगायला पाहिजे का?"

फय्याज ताटलीकडं पाहतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता. गुन्हा पकडला गेलेल्या माणसाचा चेहरा असा असतो का, हे मला तेव्हा ठरवता येईना.

"वाशीमले जागा पाहून आला न तू?" भगवंतराव गरजले. "सोताची मिल टाकाची हाय न? माहा माल बुडवून पोहरादेवीच्या बायायची ऑर्डर तिकडं नेतं! उद्या त्या बाया गाद्या पाहाले येऊन राह्यल्या. त्याच्या आत कबूल कर. नाही त मी पोलिसात जातो."

फय्याजनं जागा पाहिली हे खरं होतं. त्यानं ते नाकारलंही नाही. आणि तेच मला सगळ्यात जास्त खटकलं.

२

त्याच दुपारी गोमती आली.

गोमतीबाई राठोड माझी वाशीमच्या वसतिगृहातली मैत्रीण. एका खोलीत राहून आम्ही शिकलो. ती पुढे जिल्ह्याच्या दवाखान्यात मेट्रन झाली आणि निवृत्त झाल्यावर पोहरादेवीकडच्या बायांनी काढलेल्या शेतकरी कंपनीची सल्लागार झाली. गाद्या पाहायला येणार होत्या त्या तिच्याच बाया. ती एक दिवस आधी आली, ते माझ्या हातची भजी खायला.

मी तिला सगळं सांगितलं. फय्याजबद्दल तर दोनदा. पोलिसात नाव गेलं की ह्या भागात कोणी त्याला यंत्राला हात लावू देणार नाही, आणि दुसरं कोणतंही काम त्याला येत नाही.

"तुले काय वाटते? त्यानं केलं?" तिनं विचारलं.

"मला काही वाटत नाही. भीती वाटते."

"भीतीनं निदान होत नाही, गिरजे. चाल, पेशंट दाखव."

शेडात तिनं चपट्या गाद्या बोटांनी दाबून पाहिल्या. एक मोडून नाकाजवळ नेली. मग सोड्याच्या पोत्यात हात घातला.

भगवंतराव अभिमानानं म्हणाले, "पाहा बाई, रव्यासारखा सुटा हाय. माह्या शेडात एक ढेकूळ सापडलं त मिशी उतरवतो. ढेकूळ राह्यलं की गादीत भोक पडते."

"खरंच सुटा हाय," गोमती म्हणाली. "गिरजाच्या घरी त मिठाले पाणी सुटलं."

तिचे हात प्रेसच्या काळ्या तेलानं माखले होते. तिनं पोत्यातलाच सोडा तळहातावर घेतला, नळाखाली हात धरला आणि चोळू लागली. मधेच थांबली. तळहाताकडं पाहिलं, पुन्हा थोडा सोडा घेतला, पुन्हा दोन थेंब पाणी.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. हात लवकर साफ निघाले," ती म्हणाली.

पण मी तिला वसतिगृहापासून ओळखते. काही नाही म्हणताना ती कधीच माझ्याकडं पाहत नाही.

तेवढ्यात प्रेसजवळून हर्षलनं हाक मारली. फय्याजला त्यानं मिलजवळ फिरकू दिलं नव्हतं. उद्याच्या बायांसाठी म्हणून स्वतःच एक गादी बनवायला घेतली होती. साचा उघडला. आतून गुबगुबीत, मऊ, अगदी निर्दोष गादी बाहेर आली.

"तेच रबर, तोच सोडा," हर्षल म्हणाला. "फक्त हात वेगळा."

भगवंतरावांनी फय्याजकडं पाहिलं. आता त्यांना कुणाच्या कबुलीची गरज राहिली नव्हती.

३

फय्याज शेडामागच्या कडुनिंबाखाली बसला होता. गोमती सरळ त्याच्याजवळ जमिनीवर बसली.

"जागा पाह्यली का नाही?"

"पाह्यली. बीवी अन्वरी म्हणे, पोरगी मोठी होऊन राह्यली, आपलं काहीतरी पाहिजे. जागा पाह्यनं गुनाह हाय का बाई?"

"नाही. पन मालकाले सांगितलं काहून नाही?"

"हिंमत नाही झाली. बापूसाहेबानं इथंच शिकवलं मले." बापूसाहेब म्हणजे आमचे हे. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "भाभी, एक गोष्ट मी कोनाले नाही सांगितली."

"आता सांग," मी म्हणाले.

"सोमवारी पोतं ओढलं त मले हलकं लागलं. वाटलं कोनी चोरला. पन चाबी माह्याजवळ. बोललो असतो त मीच चोर झालो असतो."

"चाबी कधीच सोडत नाही तू?"

"इतवारी सोडतो. इतवारी शेड बंद, चाबी मालकाच्या घरी, खुंटीवर."

म्हणजे घरातलं कुणीही. भगवंतराव, हर्षल, त्याची बायको अंजू. आणि मी. खुंटी माझ्याच खोलीच्या दाराशी होती. गोमतीनं माझ्याकडं पाहिलं. ती तिची थट्टेची नजर नव्हती.

घराकडं येताना मी म्हटलं, "सोडाच वाईट आला असेल. तो जुनैद पाठवतो."

जुनैद हा फय्याजचा मेहुणा, वाशीमच्या बाजारातला व्यापारी. बातमी कळताच तो मोटरसायकल दामटत आला होता आणि अंगणात घाम पुसत उभा होता. भगवंतराव त्याला म्हणत होते, "साळे-भाटवे मिळून खेळ करून राह्यले तुमी!"

"अल्ला कसम मालक!" जुनैदचा आवाज चिरकला. "याच खेपेतलं पोतं मी बेकरीवाल्याले देलं. त्याचे टोस्ट-खारी मस्त फुगून राह्यले. माह्यासंग चाला, गरम गरम खाऊ घालतो. नाही फुगले त बेकरीसकट मले उचलून न्या!"

गोमती हसली, पण तिचं लक्ष हसण्यात नव्हतं. "म्हंजे वाशीमहून निघाला तवा सोडा चांगला होता," ती हळूच म्हणाली. "जे झालं ते इथं झालं. या अंगणाच्या आत."

४

संध्याकाळी मी भजी करायला बसले. गोमतीला माझी भजी हवी होती. मी अंजूला सोडा मागितला.

अंजू आमची सून. तोंडानं फटकळ, मनानं निर्मळ. ती डबा उघडून म्हणाली, "संपला मोठी माय. आज सकाळीच आनले होते न पुडे, ओंजळभर. पूजेची फुलं आनाले गेली तवा ह्यायनं सांगितलं, किरान्यातले असतीन तेवढे सोड्याचे पुडे घेऊन ये, मोरी साफ करतो. एक पुडा ठेवला नाही मले. अन् मोरी पाहा, होती तशीच तुंबली हाय. लग्नाच्या आधी म्हने घरात सगळं करीन!"

"आज सकाळी?" गोमतीनं विचारलं. "म्हंजे शेडात बोंब झाल्यावर?"

"नाही हो मावशी, आधी. मी फुलं ठेवून चहा टाकला, तवा कुठी मामंजीचा आवाज आला."

गोमतीनं भज्याचं पीठ बोटानं ढवळलं. मग तिची नजर मोरीजवळ भिंतीला टेकवून ठेवलेल्या माझ्या मोठ्या पितळी परातींकडं गेली. त्या माझ्या माहेरच्या. आईनं दिलेल्या त्या परातींमध्ये मी शेकड्यानं करंज्या भरल्या आहेत. आता त्यांच्या बुडाशी पांढरी खपली धरली होती आणि कल्हई काळवंडली होती.

"हे कोनं केलं?"

"मामंजीनं नेल्या होत्या इतवारी," अंजू म्हणाली. "वापस आनल्या त अशा. दोनदा घासल्या मी."

मला राग आला, तो परातींचा. गोमती मात्र एकदम गंभीर झाली. तिनं माझा हात धरला आणि अंगणात नेलं.

"गिरजे, फय्याज निर्दोष हाय. आता खात्री झाली. पन मी उद्या तोंड उघडलं त तुह्या घराले तडा जाईन. सांग, उघडू का नको?"

मी शेडाकडं पाहिलं. तिथं भिंतीवर ह्यांचा फोटो होता. अंगणातून दिसत नव्हता, पण मला दिसला.

"उघड," मी म्हणाले.

५

दुसऱ्या दिवशी बाया यायच्या आधी गोमतीनं सगळ्यांना शेडात बोलावलं. भगवंतराव धोतर सावरत, कपाळाला आठी घालून आले. मोटरसायकल त्यांनी दाराशीच लावली होती, चौकीत जायला. फय्याज, जुनैद, हर्षल, अंजू आणि मी. टेबलावर दोन वाट्या होत्या.

"भगवंतराव, डोळे मिटा अन् दोन्ही हात पुढं करा."

"बाई, मी काय पोर हाय का?"

"मेट्रनपुढं सगळेच पोरं. करा."

तिनं त्यांच्या एका तळहातावर एका वाटीतला सोडा ठेवला, दुसऱ्यावर दुसऱ्या वाटीतला, आणि दोन्हींवर थोडं थोडं पाणी टाकलं.

"डावा हात थंड," भगवंतराव म्हणाले. मग त्यांचे डोळे उघडले. "अन् उजवा... हा त गरम होऊन राह्यला!"

"डाव्या हातात जुनैदनं सकाळी बेकरीतून आनलेला सोडा. उजव्या हातात तुमच्या पोत्यातला. खान्याचा सोडा पान्यात गार लागते. गरम होते तो धुन्याचा सोडा. दवाखान्याच्या चादरी त्यातच भिजवल्या मी आयुष्यभर, हात ओळखते माहा."

"म्हंजे बदलला! म्हंजे चोरी!" भगवंतराव फय्याजकडं वळले.

"कोनी नाही बदलला. खान्याचा सोडा तापवला की आपला वायू सोडून देते अन् मांगं धुन्याचा सोडा उरते. रबरात जो वायू सुटाचा तो आधीच सुटून गेला. म्हनून पोतं हलकं लागलं. म्हनून गादी फुगली नाही. भगवंतराव, इतवारी साचे तापवाच्या भट्टीत पराती कोनं ठेवल्या?"

अंजूनं चमकून सासऱ्यांकडं पाहिलं.

भगवंतरावांच्या ओल्या हातावरचा सोडा टपकत होता. "मी... पावसानं सोड्याचे गोटे झाले होते. माय रवा भाजून ठेवे न, तसा कोरडा केला फक्त. त्याच्यासाठी भट्टी पेटवली. मंग चाळून भरला पोत्यात." त्यांनी आमच्या सगळ्यांकडं पाळीपाळीनं पाहिलं. "मी बिघडवला? मी?"

मला त्यांची कीव आली. आमच्या घरात पावसाळ्यात जे काही दमट होतं ते कढईत जातं. रवा, पोहे, शेंगदाणे. सासूबाईंचा तो नेमच होता. भाजल्यानं वस्तू टिकते, हे आमच्या हाडात मुरलेलं. भाजल्यानं एखादी वस्तू मरते, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"पन लिंबू?" जुनैद म्हणाला. "लिंबानं त फसफसला होता म्हने."

"दोन्ही सोडे लिंबानं फसफसतात," गोमती म्हणाली. "लिंबाची साक्ष खोटी. अन् रबराचं शिक्षन घेतलेल्या मान्साले ते पक्कं ठाऊक असते."

सगळ्यांच्या माना हर्षलकडं वळल्या.

"चुकलं असेल माझं," तो म्हणाला. "घाईत केलं."

"मंग तुही गादी कशी फुगली? तोच सोडा, म्हने तू."

"हाताचा फरक..."

"हाताचा नाही. पुड्यायचा." गोमतीचा आवाज वाढला नाही, उलट खाली आला. "काल सकाळी, प्रेस उघडाच्या आधी, तू किरान्यातले सगळे पुडे मागवले. पोत्यातला सोडा चांगला असता त पुडे कायले? बापानं भट्टीत पराती ठेवताना तू पाह्यलं. सोमवारी सोडा रबरात मळला जाताना पाह्यलं. साचे बिघडनार हे तुले माहीत होतं. अन् मंग तू लिंबू घेऊन आला."

अंजूचा हात तोंडावर गेला. "मोरी साफ कराची होती म्हने," ती पुटपुटली, आणि तिच्या लक्षात आलं की आपणच साक्ष दिली.

हर्षल बापाकडं वळला.

"मी शिकून आलो, तुम्ही मला कधी मिलला हात लावू दिला? काही विचारलं की, 'फय्याजले विचार.' पाहुण्यांसमोर, कामगारांसमोर, हिच्यासमोर. फय्याजले विचार! बाबा, मला फक्त एकदा वाटलं, की तुम्ही मला विचारावं."

"अन् त्याच्यासाठी मान्साले जेलात धाडतं?" भगवंतराव म्हणाले. त्यांचा हात वर उठला आणि तसाच खाली आला. मारायला लागणारा हक्क त्यांच्याजवळ उरला नव्हता. पोलिसांची धमकी तर त्यांनीच दिली होती.

फय्याजनं पट्ट्याची किल्ली काढली आणि टेबलावर, दोन वाट्यांच्या मध्ये ठेवली.

"मालक, तुमी भाजला ते चुकीनं. हर्षलभौ गप राह्यला ते रागानं. दोन्ही समजलं मले. पन एक समजलं नाही. बापूसाहेबाच्या हाताखाली वाढलो मी तुमच्या डोळ्यासमोर. तुमाले एक डाव बी वाटलं नाही, का फय्याज असं नाही करनार?"

बाहेर जीप थांबली आणि बायांचा गलका अंगणात आला.

फय्याज निघाला होता. गोमतीनं त्याला अडवलं नाही, फक्त म्हणाली, "माह्या बाया लांबून आल्या बाप्पा. बेकरीचा सोडा हाय इथं. एक गादी दाखवून जा, तुह्या नावानं."

त्यानं बाह्या वर केल्या. बायांच्या घोळक्यात उभा राहून त्यानं रबर मळलं, सोडा तोलला, साचा बंद केला. भगवंतराव भिंतीला टेकून उभे होते. साचा उघडला आणि गादी वर आली, तेव्हा एक म्हातारी बाई ती कमरेला बांधून तिथंच खाली बसली आणि म्हणाली, "माय वो! हे त पाटलीनबाईची खुर्ची झाली." सगळ्या हसल्या. फय्याज हसला नाही. त्यानं हात धुतले, माझ्या पाया पडला आणि जुनैदच्या मागं बसून गेला.

६

फय्याजनं वाशीमला स्वतःची मिल टाकली. जुनैद त्यात भागीदार आहे आणि अजूनही शपथा घेतल्याशिवाय बोलत नाही. बायांच्या कंपनीच्या गाद्या तिथूनच जातात. फय्याज ईदला शिरखुर्मा घेऊन माझ्याकडं येतो, पण अंगणातूनच. शेडाची पायरी त्यानं पुन्हा चढली नाही.

भगवंतराव पुढच्या वर्षी वाशीमला जाऊन त्याची माफी मागून आले. फय्याजनं माफ केलं, चहा पाजला, परत यायचं मात्र नाही म्हणाला. त्यानंतर त्यांनी शेडाकडं फारसं लक्ष दिलं नाही. आता अर्धांगानं घरीच असतात, ओसरीवर बसून पाऊस पाहतात.

शेड अंजू चालवते. गाद्यांऐवजी मोटारींच्या दारांचे रबरी पट्टे करते. सुरुवातीला अडलं तेव्हा ती नवऱ्याला न विचारता फय्याजकडं गेली, आणि त्यानं तिला शिकवलं.

गोमती दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात गेली. साथीत दवाखाना अपुरा पडला म्हणून ह्या वयात पुन्हा कामाला उभी राहिली होती. मला नेहमीप्रमाणे "काही नाही, ताप हाय जरासा," असा निरोप पाठवला होता.

हर्षल पुण्याला एका कारखान्यात आहे. सुटीला येतो, अंजूचं आणि त्याचं बरं चाललं आहे. गेल्या दिवाळीत आम्ही दोघंच ओट्यावर बसलो होतो. इतकी वर्षं मनात होतं ते मी विचारलं. "गोमती आली नसती आणि फय्याजला पोलिसांनी नेलं असतं, तर तू बोलला असतास ना?"

त्यानं हातातली ताटली खाली ठेवली. खोटं बोलणं सोपं होतं. माझ्यासारख्या म्हातारीला तेवढ्यानं बरंही वाटलं असतं.

"नाही, मोठी माय," तो म्हणाला. "नसतो बोललो."

मी त्याच्या ताटलीत आणखी एक करंजी ठेवली. त्यानं ती खाल्ली नाही, पण परतही केली नाही.